रात्रीच्या जेवणात भाज्या वाढवण्यासाठी घरगुती सूप कसे करावे?

प्रश्न
वडगावची वाचक, बेळगाव

नमस्कार. आमच्या घरात आम्ही पती-पत्नी, सासरे आणि नववीत शिकणारा मुलगा अशी चार माणसे आहोत. सासऱ्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांचे पुष्कळ दात पडले आहेत आणि रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. भाकरी ते आमटीत कुस्करून व्यवस्थित खातात. परंतु गवार, मेथी, कोशिंबीर असे जे काही चावावे लागते ते ताटात तसेच राहते. मुलगा भाजीतला बटाटा तेवढा वेचून खातो. बाजारातून पिशवी भरून भाजी येते खरी, पण ती खाणारे आम्ही दोघेच.

यावर उपाय म्हणून रात्री रोज एक वाडगा सूप करावे, असा विचार आहे. सासऱ्यांना दूध पचत नसल्यामुळे त्यात साय, लोणी किंवा क्रीम घालायचे नाही. केवळ भाज्या, डाळी आणि धान्ये यांतूनच ते व्हायला हवे. पाकिटातल्या सूपमध्ये मीठ बरेच असते, म्हणून तो मार्ग मला नको आहे. कॉर्नफ्लोअर घालून दाट केलेले आणि वर भाजीचे चार तुकडे तरंगणारे हॉटेलातले सूप घरी करण्यातही काही अर्थ वाटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. चार माणसांच्या सूपमध्ये नेमकी किती भाजी असावी? भाज्या उकळल्यावर त्यांच्यातील जीवनसत्त्वे उरतात का? दूध-लोण्याशिवाय दाटपणा आणि चव कशी आणावी? फळांचा उपयोग सूपमध्ये करता येतो का? आणि असे सूप हेच रात्रीचे जेवण समजावे, की त्याबरोबर भाकरी-भात द्यावा? आपल्या भागात मिळणाऱ्या भाज्यांच्या आधारे कोणी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील.


उत्तर
आहारशास्त्राची अध्यापिका, बेळगाव

ताई, सूप करताना पहिला विचार वजनाचा करावा, कारण पातेले भरलेले दिसले तरी त्यात भाजी किती आणि पाणी किती हे डोळ्यांना कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रत्येक प्रौढ व्यक्तीने दिवसाला फळे व भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खावीत, आणि त्या हिशेबात बटाटा, रताळे यांसारखे पिठूळ कंद धरले जात नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचना याहून पुढे जातात. २,००० किलोकॅलरींच्या आहारासाठी त्यांनी भाज्याच ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम सांगितली आहेत. म्हणजे एका वाडग्याने सगळा दिवस भागेल, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. पण त्यातला मोठा वाटा सूप नक्की उचलू शकते.

चार माणसांसाठी साफ केलेली, चिरलेली भाजी ६०० ग्रॅम घ्यावी. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला १५० ग्रॅम भाजी येते. उदाहरणच द्यायचे तर तांबडा भोपळा २५० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, एक मोठा कांदा, एक टोमॅटो आणि वर दोन मुठी तांदुळसा किंवा पालक एवढे घेतले की हे वजन सहज भरते. यात १०० ग्रॅम मसूर डाळ घालावी. पाणी एक ते सव्वा लिटरपेक्षा जास्त घालू नये.

करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पातेल्यात किंवा कुकरमध्ये दोन चहाचे चमचे तेल तापवून जिरे, हिंग, ठेचलेला लसूण व कढीपत्ता यांची फोडणी करावी, तीत कांदा मऊ होईपर्यंत परतावा आणि मग टोमॅटो घालून तो पूर्ण विरघळू द्यावा. सूपची निम्मी चव येथेच तयार होते. कांदा-टोमॅटो घाईने परतला तर पुढे कितीही मसाला घातला तरी सूप पाणचट लागते. त्यानंतर भोपळा, गाजर, धुतलेली डाळ आणि पाणी घालून कुकरच्या दोन शिट्ट्या कराव्यात. झाकण उघडल्यावर रवीने घोटावे, चिरलेली पालेभाजी घालून तीन-चार मिनिटेच उघडे उकळावे, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळावे.

आता जीवनसत्त्वांविषयी. सगळी जीवनसत्त्वे उकळल्याने नष्ट होतात, हा समज बरोबर नाही. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) ही दोन्ही उष्णतेने कमी होतात आणि पाण्यात उतरतात. उकडून पाणी फेकून दिलेल्या भाजीत त्यांचे दुहेरी नुकसान होते. सूपमध्ये ते पाणी आपल्या पोटातच जात असल्यामुळे निदान उतरलेला भाग वाया जात नाही. उष्णतेने होणारे नुकसान कमी करायचे असेल तर पालेभाजी शेवटी घालावी आणि सूप पुन्हा पुन्हा उकळू नये. गाजर आणि तांबड्या भोपळ्यातील बीटा-कॅरोटीनचे, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते त्या घटकाचे, मात्र उलट आहे. भाजी शिजल्यावर आणि तिच्याबरोबर थोडे तेल असल्यावर ते शरीरात अधिक चांगले शोषले जाते, म्हणून फोडणीतले ते दोन चमचे तेल अनावश्यक समजून वगळू नये. हिरवा रंग टिकावा म्हणून काही घरांत पालेभाजीत खाण्याचा सोडा टाकतात. त्याने क जीवनसत्त्व आणि थायमिन (ब १ जीवनसत्त्व) दोन्ही कमी होतात, तेव्हा सोडा अजिबात घालू नये.

सूप गाळू नये, हे विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. गाळणीत जो चोथा राहतो, त्यातच तंतुमय भाग असतो, आणि वयस्कर माणसांच्या बद्धकोष्ठतेवर त्याचाच उपयोग होतो. दोडक्याच्या शिरा किंवा शेपूचे जून देठ यांसारखे खरोखर घशात अडकणारे असेल तेवढे आधीच काढून टाकावे आणि बाकी सगळे घोटून आत ठेवावे.

मीठ शक्यतो मोजून घालावे. प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावे, अशी शिफारस आहे. चौघांच्या सूपमध्ये अर्धा चमचा मीठ पुरते, कारण लिंबाचा आंबटपणा, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मिरे यांमुळे मीठ कमी असल्याचे जाणवत नाही. पाकीट कधी आणलेच तर त्यावर लिहिलेल्या सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणावे. त्यात मीठ किती आहे हे लगेच समजते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरातील प्रत्येकासाठी वेगळे आहे. ज्याला वजन कमी करायचे आहे त्याने सूप जेवणाच्या सुरुवातीला घ्यावे, कारण पोट लवकर भरते आणि पुढचे जेवण आपोआप कमी होते. नेमक्या याच कारणासाठी सासऱ्यांना ते आधी देऊ नये. त्यांचे वजन उतरत असेल, तर वाडगाभर पातळ सूपने पोट भरून भाकरी मागे राहील आणि त्यांना मिळणारी ऊर्जा व प्रथिने दोन्ही घटतील. त्यांच्यासाठी सूप डाळ घालून दाट करावे, भाकरी त्यातच कुस्करून द्यावी, आणि वर शेंगदाण्याचे कूट किंवा कारळ्याची चटणी घालावी.


उत्तर
भाजी उत्पादक, बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग

मॅडमनी वजनाचा हिशेब फार चांगला मांडला आहे. त्यात शेतकऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

आमच्याकडून नवलकोल, बीट, मुळा बाजारात जातो तेव्हा गिऱ्हाईक पाला तिथेच मोडून टाकायला सांगते. पैसे पूर्ण गड्ड्याचे दिले जातात आणि सूपला सर्वांत उपयोगी असलेला भाग गुरांना जातो, हे पाहून वाईट वाटते. नवलकोल आणि बीटचा कोवळा पाला बारीक चिरून शेवटच्या पाच मिनिटांत घातला, तर वेगळी पालेभाजी विकत घेण्याची गरज राहत नाही. मुळ्याचा पाला उग्र असतो. तो मूग डाळीबरोबर आणि लसूण सढळ हाताने घालून करावा. फ्लॉवरचा दांडा साल काढून घातला की घोटल्यावर सूपला चांगला दाटपणा येतो, दुधाची आठवणसुद्धा होत नाही. पाला घेताना मात्र बाहेरची पाने काढून टाकावीत आणि आतली पाने भरपूर पाण्यात दोन-तीन वेळा धुवावीत, कारण फवारणी आणि पावसाचा चिखल दोन्ही पानांवरच बसतात.

रताळ्याबद्दलही बोलले पाहिजे. आमच्या लाल मातीत रताळी मोठ्या प्रमाणावर होतात, नवरात्रात आणि महाशिवरात्रीला त्यांना मोठी मागणी असते, आणि त्यांचे सूप गोडसर व दाट होत असल्यामुळे मुलांना ते आवडते. तरीही मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ते भाजीच्या वजनात धरू नये. ज्या दिवशी सूपमध्ये रताळे असेल त्या दिवशी भाकरी किंवा भात थोडा कमी वाढावा, आणि ६०० ग्रॅम भाजी वेगळीच घ्यावी.

डाळीसाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. आपण वडगावात राहता, तेव्हा शहापूर, वडगाव, येळ्ळूर या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत भाताच्या कापणीनंतर मसूर होतो, हे आपल्याला माहीतच असेल. तो अख्खा मसूर सकाळी भिजत घातला तर संध्याकाळी कुकरमध्ये लगेच मऊ होतो, आणि सालीसकट असल्यामुळे डाळीपेक्षा अधिक तंतुमय असतो.


उत्तर
खानापूरच्या काकू

सूनबाई, तुम्ही सूप म्हणून विचारता आहात, आणि मला वाटते की आपल्या घरांत ते पूर्वीपासून कढण, सार आणि माडगे या रूपांनी होत आले आहे. सासऱ्यांना परक्या चवीचे सूप रोज प्यायला लावण्यापेक्षा त्यांच्या तोंडात बसलेल्या चवीमध्येच भाजी वाढवली, तर ते आनंदाने खातील.

हुलग्यापासून सुरुवात करा. एक वाटी हुलगे स्वच्छ निवडून रात्रभर भिजवावेत आणि दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये चांगले मऊ शिजवावेत; हुलग्याला मसुरापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. वरचे पाणी, म्हणजे कट, वेगळा काढावा, निम्मे हुलगे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून त्यात परत मिसळावेत आणि उरलेल्या निम्म्यांची उसळ सकाळच्या डब्याला होते. लसूण, जिरे आणि एक संकेश्वरी मिरची यांची फोडणी देऊन आमसुले घातली की सार तयार झाले. परंतु या साध्या साराने भाजी पोटात जात नाही. म्हणून त्या कटातच तांबड्या भोपळ्याच्या फोडी, शेवग्याच्या शेंगांचा गर आणि दुधी शिजवावा. शेंगा वेगळ्या उकडून चमच्याने गर खरवडून घातला तर दात नसलेल्या माणसालाही तो सहज खाता येतो. शेवग्याचा कोवळा पाला मिळाला तर तोही मूठभर घाला. आमच्याकडे परसात शेवगा असतोच, पण शेंगा उतरवल्या की पाल्याकडे कोणी पाहत नाही.

हुलगे थंडी-पावसात चांगले. उन्हाळ्यात मुगाचे कढण करावे. हिरवे मूग शिजवून घोटावेत, त्यांत किसलेला दुधी किंवा पडवळ घालावे, आले व जिरे यांची हलकी फोडणी द्यावी आणि शेवटी कोथिंबीर भरपूर घालावी. आजारातून उठलेल्या माणसालाही हे पचते.

आणखी एक पदार्थ सांगते, तो आमच्या कानडी शेजारणींकडून आमच्या स्वयंपाकघरात आला आहे. अंबाडीचा पाला, तूर डाळ आणि जोंधळ्याच्या कण्या एकत्र मऊ शिजवून त्या पुंडी पल्ले करतात. ते जरा घट्ट असते आणि भाकरीबरोबर खातात. परंतु त्यात पाणी वाढवून, कण्या थोड्या कमी करून घोटले, तर उत्तम आंबट सूप होते. त्याला चिंच-टोमॅटो काही लागत नाही आणि जोंधळ्यामुळे दाटपणा आपोआप येतो. अंबाडी नसेल त्या दिवसांत चुका किंवा चाकवत घ्यावा. चाकवताला स्वतःचा गुळगुळीतपणा असल्यामुळे घोटल्यावर त्यात क्रीम घातले आहे असे वाटते.

जोंधळ्याचे किंवा नाचणीचे पीठ लावायचे असल्यास ते गार पाण्यात कालवून मगच उकळत्या सुपात सोडावे आणि पाच-सात मिनिटे चांगले शिजू द्यावे. कच्चे राहिले तर चव बिघडते. चौघांना एक मोठा चमचा पीठ पुरे.

मुलाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. सगळेच वाटून लपवून दिले, तर त्याला भाजी खाण्याची सवय कधीच लागणार नाही. त्याच्या वाडग्यात घोटलेल्या सुपात मटार, मक्याचे दाणे, ढबू मिरचीचे बारीक तुकडे आणि किसलेले गाजर दिसतील असे वरून घाला, आणि कधीतरी त्यालाच बाजारातून भाजी निवडून आणायला सांगा.


उत्तर
औषध विक्रेते, निपाणी

वरील सर्व सूचना निरोगी माणसांसाठी योग्य आहेत. परंतु सासऱ्यांना औषध चालू असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या औषधांमुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. मूत्रपिंडे व्यवस्थित काम करत असतील तर रोजच्या सूपमुळे सहसा अडचण येत नाही. परंतु भाज्यांतून पाण्यात उतरलेले सर्व पोटॅशियम सूपमध्येच राहते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज सूप सुरू करू नये. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. तेही अशा रुग्णांना स्वतःच्या विचाराने देऊ नये.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन किंवा ॲसिनोकुमारोल घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद करण्याची गरज नसते. पण त्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो, म्हणून पालेभाजीचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. आठवडाभर काहीच नाही आणि मग अचानक पालकाचे दोन वाडगे, असे करू नये. ज्यांना पूर्वी ऑक्झलेटचे (काही भाज्यांत असणाऱ्या एका क्षाराचे) मूतखडे झाले आहेत त्यांनी पालक, राजगिऱ्याचा पाला आणि बीट रोजच्या सूपमधून वगळावेत; पालक वेगळा उकडून पाणी टाकून दिल्यास ऑक्झलेट कमी होते.

एक मुद्दा सहसा राहून जातो. सासऱ्यांना दूध पचत नाही, आणि घरात अंडी-मासेही होत नसतील, तर ब १२ हे जीवनसत्त्व त्यांना आहारातून जवळजवळ मिळणारच नाही. कितीही चांगल्या भाज्या घातल्या तरी सूप ही उणीव भरून काढू शकत नाही. वाढत्या वयात त्याचे शोषण कमी होते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. पुढच्या वेळी रक्त तपासाल तेव्हा डॉक्टरांना याबद्दल अवश्य विचारा.

पातळ सूप पिताना त्यांना वारंवार ठसका लागत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे आणि तोवर सूप दाटच द्यावे.


वडगावची वाचक, बेळगाव

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. सासऱ्यांच्या गोळीवरचे नाव पाहिले. ते वर दिलेल्या नावांपैकीच आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवून घेते. ब १२ विषयी मी विचारच केला नव्हता. काकू, हुलग्याच्या सारात शेवग्याचा गर घालण्याची कल्पना त्यांना नक्की आवडेल, कारण हुलग्याचे माडगे हा त्यांचा लहानपणापासूनचा आवडता पदार्थ आहे.

फळांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. दातांमुळे त्यांना पेरू, सफरचंद चावत नाही, आणि घरात केळ्याशिवाय दुसरे फळ ते घेत नाहीत. फळे सूपमध्ये घातली तर चालतील का?


उत्तर
आहारशास्त्राची अध्यापिका, बेळगाव

चालतील, पण मोजक्याच. आंबट फळे सुपात चांगली मिसळतात. कैरीच्या दिवसांत चिंचेऐवजी कैरीच्या फोडी मसुराबरोबर शिजवाव्यात. खानापूर भागात मिळणारे अंबाडे हुलग्याच्या सारात उत्तम लागतात. कच्ची पपई ही तर भाजीसारखीच वापरता येते, आणि भोपळ्याबरोबर शिजवलेली सफरचंदाची फोड घोटल्यावर कळतही नाही. काकूंनी सांगितलेली आमसुले चवीसाठी जरूर वापरावीत, परंतु त्यांचे वजन इतके थोडे असते की त्यामुळे फळ खाल्ल्याचा हिशेब पूर्ण होत नाही.

माझ्या मते सासऱ्यांसाठी फळ सुपाबाहेरच ठेवावे. पेरूत १०० ग्रॅमला सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, आणि प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम आहे. असे फळ उकळून त्यातले जीवनसत्त्व घालवणे योग्य नाही. पिकलेला मऊ पेरू बिया काढून चमच्याने खरवडून द्यावा. पपई, चिकू, पिकलेला आंबा ही फळे मुळातच मऊ असतात. सफरचंद किसून लगेच द्यावे. रस काढून गाळून देऊ नये, कारण त्यात तंतू राहत नाहीत आणि साखर तेवढी राहते. मूत्रपिंडाची शंका निघाली तर फळांबाबतही डॉक्टर सांगतील तेच प्रमाण पाळावे.

पेरूसारखे फळ जेवणाबरोबरच दिले, किंवा सुपात लिंबू पिळले, तर मसूर आणि पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याझाल्या चहा घेतल्यास हा फायदा बराच कमी होतो, म्हणून चहाची वेळ जेवणापासून दूर ठेवावी.


उत्तर
नोकरी करणारी गृहिणी, चिकोडी

मी रोज संध्याकाळी उशिरा घरी पोहोचते, तरीही आमच्याकडे सूप होते, म्हणून वेळेच्या दृष्टीने चार गोष्टी सांगते. भोपळा, गाजर, नवलकोल, दुधी अशा टणक भाज्या सुट्टीच्या दिवशी चिरून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवता येतात, मात्र त्या दोन-तीन दिवसांत वापराव्यात. मसूर-मूग सकाळी भिजत घातले की संध्याकाळी कुकर लावायला काही अडत नाही.

मिक्सरमध्ये वाटायचे असेल तर सूप आधी कोमट होऊ द्यावे आणि भांडे निम्म्याहून जास्त भरू नये. कढत सूप झाकण घट्ट लावून फिरवले, तर आतली वाफ झाकण उडवते आणि हात-तोंड भाजते. रवी किंवा हँड ब्लेंडर असेल तर हा धोका टळतो, आणि थोडे तुकडे राहिल्यामुळे खाण्यात मजाही येते.

जास्तीचे सूप उरले तर ते दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. मोठे पातेले लवकर गार होत नाही, तेव्हा सूप पसरट भांड्यांत ओतून किंवा पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून निववावे. तीन दिवसांच्या आत संपवावे, जेवढे हवे तेवढेच बाहेर काढावे आणि खळखळून उकळूनच वाढावे. आमच्याकडे वीज बराच वेळ जाते त्या दिवसांत मी उरवून ठेवतच नाही. असे सूप ठेवायचे असेल तर त्यात पालेभाजी आणि लिंबू आधी घालू नये. रोज गरम करताना तांदुळसा, पालक किंवा नवलकोलचा पाला ताजा चिरून घालावा, चार मिनिटे उकळावा आणि लिंबू ज्याच्या त्याच्या वाडग्यात पिळावे.